अंगावर वारंवार पित्त उठते : प्रकार कोणता, हे कसे ओळखावे?

पारिजात, नाशिक

नमस्कार. दिवाळीपासून माझ्या अंगावर जवळजवळ रोज पित्त उठते आहे आणि होळी तोंडावर आली तरी ते थांबलेले नाही. संध्याकाळ झाली की प्रथम कंबरेपाशी किंवा मांड्यांवर खाज सुटते, थोड्याच वेळात तेथे लालसर, कडेला उंच आणि मध्ये फिकट अशा गांधी उठतात, त्या एकमेकींत मिसळून तळहाताएवढे चट्टे होतात आणि पहाटेपर्यंत सारे काही खूण न ठेवता नाहीसे होते. सकाळी दवाखान्यात जावे तर दाखवायला अंगावर काहीच नसते. मधूनच एखाद्या रात्री वरचा ओठ किंवा एका डोळ्याची पापणी सुजते. ती सूज मात्र उतरायला पुढचा सगळा दिवस जातो. श्वास लागणे, चक्कर येणे असे काही आजवर झालेले नाही. नखाने हातावर रेघ ओढली, तर कधी कधी ती रेघ तशीच फुगून वर येते, हेही अलीकडे लक्षात आले आहे.

घरातल्या सर्वांनी आपापल्या परीने उपाय सुचवले. आमसुलाचे पाणी अंगाला लावून झाले, गेरू लावून झाला, आईच्या सांगण्यावरून घोंगडीही पांघरली. आम्लपित्त वाढल्यामुळेच हे होत असावे, असे धरून आंबट, तिखट, तूरडाळ आणि चहा बंद केला. पुढे अंडी, वांगी, शेंगदाणे आणि मासेही सोडले. एका प्रयोगशाळेत रक्तावरून शेकडो पदार्थांची अ‍ॅलर्जी तपासणारी महागडी चाचणी करून घेतली, तिच्या अहवालात गहू, हरभरा, दूध आणि केळे यांच्यापुढे ‘सौम्य’ असा शेरा आहे. आता जेवायला काय उरले, असा प्रश्न पडतो, वजनही उतरले आहे, आणि पित्त मात्र पूर्वीइतकेच उठते.

फार खाज सुटली की मी सेटिरिझिनची एक गोळी घेते, एरवी घेत नाही, कारण रोज घेतल्यास शरीराला सवय लागेल अशी भीती वाटते. अंगावर उठणाऱ्या या पित्ताला शीतपित्त म्हणतात आणि त्याचे अनेक प्रकार असतात असे वाचले. माझा प्रकार कोणता असावा, अन्नाचा त्याच्याशी खरोखर किती संबंध आहे आणि थायरॉइडची तपासणी का सांगितली जाते, हे कोणी जाणकाराने समजावून दिले तर फार बरे होईल.

त्वग्विद्या

पारिजातताई, मी त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. प्रत्यक्ष तपासणीची जागा हे उत्तर घेऊ शकत नाही, परंतु या विकारात निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरूनच होते, आणि तुमचे वर्णन नेमके आहे. सकाळी दाखवायला काही उरत नाही याची खंत करू नका. रात्री उठलेल्या गांधींची मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवा. ती आम्हाला पुरतात.

प्रथम आत काय घडते ते पाहू. त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांच्या आसपास मास्ट पेशी असतात व त्यांच्या कणांमध्ये हिस्टामिन हे रसायन साठवलेले असते. या पेशी काही कारणाने चेतवल्या गेल्या की हिस्टामिन बाहेर पडते. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून त्वचा लाल होते, त्यांतून रक्तद्रव पाझरतो म्हणून ती फुगते, आणि मज्जातंतूंची टोके उत्तेजित होतात म्हणून खाज सुटते. हे त्वचेच्या वरच्या थरात घडले तर गांध येते. खोल थरात घडले तर ओठ, पापण्या, जीभ, तळहात अशा ठिकाणी सूज येते आणि तेथे खाजेपेक्षा ताण व ठणका अधिक जाणवतो. या खोल सुजेला अँजिओएडिमा म्हणतात; हाइनरिख क्विंके या जर्मन वैद्याने १८८२ मध्ये तिचे तपशीलवार वर्णन केले होते. पाझरलेला द्रव पुन्हा शोषला गेला की गांध मावळते, म्हणून एकेक गांध २४ तासांच्या आत, डाग न ठेवता जाते. खोल सुजेला मात्र दोन-तीन दिवसही लागू शकतात. तुमच्या गांधी आणि तुमच्या ओठांची सूज हे दोन वेगळे आजार नसून एकाच प्रक्रियेची दोन रूपे आहेत.

आता प्रकारांकडे येऊ. पहिला प्रश्न काळाचा असतो. सहा आठवड्यांच्या आत थांबते ते तीव्र, त्यापुढे चालू राहते ते दीर्घकालीन. आयुष्यात कधी ना कधी अंगावर पित्त उठण्याचा अनुभव सुमारे दर पाच माणसांपैकी एकाला येतो आणि त्यातले बहुतांश तीव्र प्रकारचे असते. लहान मुलांत त्यामागे बहुधा सर्दी-तापासारखा विषाणुसंसर्ग असतो. मोठ्यांत संसर्गाबरोबरच पेनिसिलिन गटातील प्रतिजैविके, वेदनाशामक गोळ्या, मधमाशी किंवा गांधीलमाशीचा दंश, आणि कोळंबी, शेंगदाणे, अंडी यांसारखे पदार्थ कारणीभूत ठरतात. अन्नाच्या खऱ्या अ‍ॅलर्जीचे लक्षण असे, की पदार्थ खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत पित्त उठते, आणि तो पदार्थ पुन्हा खाल्ला की पुन्हा उठते. तुमच्या बाबतीत पित्त रोज संध्याकाळी येते, त्या दिवशी जेवणात काय होते याच्याशी त्याचा मेळ बसत नाही, आणि एवढे पदार्थ सोडूनही फरक पडलेला नाही. एवढ्यावरून अन्न हे कारण नाही, असे मी बऱ्याच खात्रीने म्हणू शकतो.

त्या चाचणीविषयी स्पष्ट लिहिणे मला कर्तव्य वाटते. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची, अ‍ॅलर्जीशी निगडित प्रतिपिंडे थोड्या प्रमाणात सापडली, तर शरीराची त्या पदार्थाशी ओळख झाली आहे एवढेच कळते. तो पदार्थ खाल्ल्याने त्रास होतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही. वर्षानुवर्षे पोळी खाणाऱ्या निरोगी माणसाच्या अहवालातही गव्हापुढे ‘सौम्य’ असा शेरा येऊ शकतो. दीर्घकालीन शीतपित्तात अशा सरसकट चाचण्यांचा उपयोग नसतो, उलट त्यांच्या आधारे माणसे पोटाला चिमटा घेऊन बसतात आणि अशक्त होतात, हे मी फार वेळा पाहिले आहे. आम्लपित्ताचेही तसेच. जठरातील आम्ल आणि त्वचेतील हिस्टामिन या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आंबट सोडल्याने गांधी थांबत नाहीत. त्या अहवालाच्या आधारावर सोडलेले पदार्थ तुमच्या डॉक्टरांशी बोलून एकेक करून पुन्हा सुरू करा.

दीर्घकालीन शीतपित्ताच्या दोन मोठ्या शाखा आहेत. एकीत बाहेरचे निश्चित निमित्त असते: थंडी, घाम, दाब, घर्षण, ऊन, कंपने, क्वचित पाण्याचा नुसता स्पर्शही. निमित्त घडले की पित्त उठते, नाही घडले तर उठत नाही. दुसरीत असे निमित्त नसते, गांधी आपोआप उठतात. तिला आपण उत्स्फूर्त प्रकार म्हणू. तुमचा प्रकार हा दिसतो. नखाने ओढलेली रेघ फुगते ते त्वचालेखन नावाचे घर्षणजन्य रूप आहे आणि ते उत्स्फूर्त प्रकाराबरोबर पुष्कळदा आढळते. एकाच व्यक्तीत दोन रूपे असणे मुळीच विरळ नाही.

उत्स्फूर्त प्रकारात बऱ्याच रुग्णांची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीराविरुद्ध वळलेली असते. काहींच्या शरीरात मास्ट पेशींवरील ग्राहकांविरुद्ध (आयजीई जेथे चिकटते त्या रिसेप्टरांविरुद्ध) किंवा तेथे चिकटलेल्या आयजीईविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. काहींच्या शरीरात आयजीई प्रतिपिंडे थायरॉइडमधील एका प्रथिनाला लक्ष्य करतात. यामुळेच थायरॉइडविरोधी प्रतिपिंडांची तपासणी सांगितली जाते. ज्यांना एक स्वयंप्रतिकार विकार आहे त्यांच्यात दुसरा असण्याची शक्यता अधिक असते, आणि स्त्रियांमध्ये या प्रकाराचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे दुप्पट आहे. रक्तपेशींची साधी मोजणी, शरीरातील दाह दाखवणारी सीआरपी किंवा ईएसआर, एकूण आयजीई आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे एवढ्या तपासण्या आरंभी पुरेशा असतात.

औषधाची पद्धत मात्र तुम्हाला बदलावी लागेल. खाज सुटल्यावर घेतलेली गोळी उशिरा पोहोचते, कारण तोवर हिस्टामिन आपले काम करून गेलेले असते. गुंगी न आणणाऱ्या किंवा कमी आणणाऱ्या दुसऱ्या पिढीच्या अँटिहिस्टामिन, म्हणजे हिस्टामिनला रोखणाऱ्या, गोळ्या, म्हणजे सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन वगैरे, रोज ठरल्या वेळी, पित्त उठो वा न उठो, घ्यायच्या असतात. त्यांची व्यसनासारखी सवय लागत नाही. एक मात्र लक्षात ठेवा: बरेच महिने रोज घेतलेले सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन एकदम थांबवले, तर काही जणांना काही दिवस अंगाला तीव्र खाज सुटते, म्हणून ते बंद करायचे झाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने करावे. दोन ते चार आठवड्यांत नेहमीच्या मात्रेने पुरेसा आराम पडला नाही, तर मात्रा चौपटीपर्यंत वाढवता येते, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. त्यानेही न भागल्यास ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम या मात्रेत देतात. २०१४ मध्ये अमेरिकेत व युरोपात त्याला या विकारासाठी मान्यता मिळाली आणि ज्यांच्या रात्री खाजवण्यात जात होत्या अशा पुष्कळांचे जगणे त्याने सुसह्य झाले. ते महाग आहे, ही खरी अडचण आहे. त्यापुढची पायरी सिक्लोस्पोरिन या रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी पित्त झटपट दबते, म्हणून त्यांचा मोह होतो; परंतु तीव्र उद्रेकात काही दिवसांपलीकडे त्या घेऊ नयेत, कारण बंद करताच पित्त परतते आणि दीर्घ सेवनाने मधुमेह, रक्तदाब व हाडांची झीज मागे लागते.

अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी अनेकांचे पित्त भडकते. अंगदुखीसाठी त्या घेत असाल तर थांबवून पाहा आणि पर्यायासाठी डॉक्टरांना विचारा.

उत्तरवारा, टोरांटो

वर निमित्ताने उठणाऱ्या प्रकारांचा उल्लेख आला आहे, त्यातला थंडीचा प्रकार मला आहे, आणि त्यातला धोका पुरेसा सांगितला जात नाही असे वाटते म्हणून लिहितो. मी साताऱ्याचा, भारतात असताना हिवाळ्यात दुचाकी चालवल्यावर गालांवर आणि हातांवर चट्टे येत, पण त्याकडे कोणी फार लक्ष दिले नाही. येथे आल्यावर बर्फाळ वाऱ्यात उघड्या राहिलेल्या त्वचेवर गांधी उठू लागल्या आणि थंडगार पेय घेतल्यावर ओठ व घसा जड वाटू लागला, तेव्हा तपासणी झाली. चाचणी अगदी साधी असते: पिशवीत घातलेला बर्फाचा खडा हाताच्या आतल्या बाजूवर पाच मिनिटे ठेवतात आणि काढल्यावर दहा मिनिटांनी पाहतात, बर्फ होता त्या आकाराची गांध उठली तर निदान पक्के होते.

धोका आहे तो थंड पाण्यात पोहण्याचा. एखाद्या ठिकाणी गार वारा लागला तर तेवढीच त्वचा फुगते, परंतु तळ्यात उडी मारली की सबंध शरीर एकाच वेळी गार पडते, हिस्टामिन मोठ्या प्रमाणात रक्तात येते, रक्तदाब कोसळतो आणि माणूस पाण्यातच शुद्ध हरपू शकतो. चांगला पोहणाराही अशा वेळी बुडतो. माझ्या डॉक्टरांनी एकट्याने पोहायला सक्त मनाई केली आहे आणि अ‍ॅड्रेनॅलिनचे स्वयंचलित इंजेक्शन सतत जवळ ठेवायला सांगितले आहे. शस्त्रक्रियेचा प्रसंग आला तर भूलतज्ज्ञांना हा विकार आवर्जून सांगावा, कारण शस्त्रक्रियागृह थंड असते आणि शिरेतून दिले जाणारे द्रवही थंड असू शकतात. हिमालयात पदभ्रमणाला जाणाऱ्या किंवा हिवाळ्यात भल्या सकाळी विहिरीत पोहणाऱ्या मराठी मंडळींनी, अंगावर असे चट्टे येत असतील, तर बर्फाची चाचणी करून घ्यावी अशी माझी विनंती आहे.

रानजाई, पुणे

माझ्या मुलाचा प्रकार याच्या अगदी उलट, उष्णतेचा आणि घामाचा आहे. तो दहावीत असताना बॅडमिंटन खेळायला लागला की काही मिनिटांत मानेवर, छातीवर आणि दंडांवर टाचणीच्या डोक्याएवढे असंख्य बारीक उठाव येत, भोवतीची त्वचा लाल होई आणि त्याला खाजेपेक्षा टोचल्यासारखे अधिक वाटे. खेळ थांबवून पंख्याखाली बसले की अर्ध्या-पाऊण तासात सारे नाहीसे होई. पुढे गरम पाण्याने अंघोळ केल्यावर, झणझणीत मिसळ खाल्ल्यावर, एवढेच काय, तोंडी परीक्षेच्या आधीही तसेच होऊ लागले. घामोळे समजून आम्ही पावडरी लावत राहिलो. डॉक्टरांनी सांगितले की शरीराचे आतले तापमान वाढून घाम सुटण्याच्या क्षणी जे मज्जातंतू काम करतात त्यांच्याशी याचा संबंध असतो, हा प्रकार तरुण वयात अधिक आढळतो, आणि त्याच्या गांधी १ ते ३ मिलिमीटर एवढ्याच असतात, हीच त्याची ओळख. रोजच्या गोळीने त्याला पुष्कळ आराम आहे. खेळ त्याने सोडलेला नाही, आणि सोडू नये असेच डॉक्टरांचेही मत पडले.

मात्र त्यांनी आम्हाला एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, तो येथे सांगते: खेळण्याआधी काही तासांत पोळी किंवा ब्रेड खाल्लेला असतो का, आणि केवळ तेव्हाच मोठे चट्टे, उलटी, चक्कर असे काही होते का? काही व्यक्तींना गहू एरवी पचतो, व्यायामही सोसतो, परंतु गहू खाऊन लगेच व्यायाम केला की जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येते. पोळी आणि पाव रोज आहारात असल्यामुळे ते निमित्त सहज नजरेतून सुटते. मुलाच्या बाबतीत तसे नव्हते, पण ज्यांना घामाचे पित्त आहे असे वाटते त्यांनी हा भेद तपासून घ्यावा.

सागरतीर, मालवण

अन्नाची चर्चा निघाली आहे म्हणून किनारपट्टीवर वारंवार दिसणाऱ्या एका प्रसंगाकडे लक्ष वेधतो. बांगडा, तारली, सुरमई किंवा कुपा खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लालबुंद होणे, डोके ठणकणे, छातीत धडधडणे आणि अंगावर पित्त उठणे असे झाले, की माणूस ‘मला माशांची अ‍ॅलर्जी आहे’ असे ठरवून मोकळा होतो आणि पुढे जन्मभर मासे सोडतो. परंतु बऱ्याच वेळा ती अ‍ॅलर्जी नसते. या माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा पकडल्यानंतर लगेच बर्फात ठेवला नाही तर जिवाणू त्याचे हिस्टामिन बनवतात, आणि एकदा बनलेले हिस्टामिन शिजवल्याने किंवा तळल्याने नष्ट होत नाही. म्हणजे मास्ट पेशींनी काहीच न करता हिस्टामिन थेट ताटातून पोटात जाते.

ओळखण्याची खूण अशी, की त्याच टोपातले कालवण खाल्लेल्या इतरांनाही थोडाफार त्रास होतो, आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी ताजा बांगडा खातो तेव्हा त्याला काही होत नाही. मी मासळीच्या व्यवसायात आहे आणि बर्फाच्या साखळीबाबत आग्रह धरतो तो चवीइतकाच या कारणासाठी. कोळंबी, चिंबोरी यांची अ‍ॅलर्जी मात्र खरी आणि कधी कधी गंभीर असते. तिच्याबाबत प्रयोग करू नयेत.

शतावरी

मी आयुर्वेदाची विद्यार्थिनी आहे. माधवनिदान या आयुर्वेदातील जुन्या रोगनिदान-ग्रंथात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांचे वर्णन एकत्र आले आहे, आणि गार वाऱ्याचा स्पर्श हे निमित्त, गांधीलमाशी चावल्यासारखी सूज, खाज, टोचणी, काहींना उलटी व ताप, ही लक्षणे तेथे नोंदलेली आहेत. उदर्द हा शिशिरात बळावणारा म्हटला आहे, आणि क्षणात येऊन जाणारा कोठ व पुन्हा पुन्हा उठत राहणारा उत्कोठ असा भेदही केला आहे. निमित्त आणि कालावधी यांवरून प्रकार वेगळे करण्याची दृष्टी त्या ग्रंथकारालाही होती, हे मला महत्त्वाचे वाटते. आमसूल, गेरू यांनी काहींना वरवरचा थंडावा मिळतो. पण ओठ-जीभ सुजली असता किंवा श्वास अडला असता लेप लावत वेळ घालवू नये, असे आमचे गुरुजनही बजावून सांगतात.

पारिजात, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. आजच पोळी आणि वरण-भात जेवले. दोन शंका उरल्या आहेत. सासरे लांबचा प्रवास करून आले की कंबरपट्ट्याच्या जागी आणि तळपायांवर त्यांना दुखरी सूज येते, पण ती प्रवासात येत नाही, मध्यरात्री येते. तेही शीतपित्तच का? आणि दुसरी शंका अधिक काळजीची आहे. सासूबाईंच्या अंगावर गांध कधीच उठत नाही, पण गेल्या आठवड्यात त्यांची जीभ एका बाजूने सुजली आणि बोलणे जड झाले. माझीच सेटिरिझिनची गोळी त्यांना दिली, तिचा काही उपयोग झाला नाही, सूज दुसऱ्या दिवशी आपोआप उतरली. त्या रक्तदाबासाठी बऱ्याच वर्षांपासून रामिप्रिल घेतात.

त्वग्विद्या

सासूबाईंबद्दल आधी, कारण ते तातडीचे आहे. गांधींशिवाय नुसती खोल सूज आली आणि अँटिहिस्टामिनने ती हलली नाही, तर तेथे हिस्टामिनऐवजी ब्रॅडिकिनिन हे द्रव्य काम करत असण्याची शक्यता मोठी असते. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या गटातील औषधांमुळे ब्रॅडिकिनिनचे विघटन मंदावते आणि जीभ, ओठ, घसा यांना सूज येऊ शकते; औषध सुरू केल्यावर काही दिवसांत येते तशी कित्येक वर्षांनीही येते, म्हणून इतकी वर्षे सोसले या कारणाने ते निर्दोष ठरत नाही. पुढची गोळी देण्याआधी आजच त्यांच्या डॉक्टरांना दूरध्वनी करा, घडलेले सर्व सांगा आणि रक्तदाबाचे औषध बदलून घ्या. नुसते बंद करून ठेवू नका, कारण रक्तदाब वाढणेही परवडणारे नाही. जीभ पुन्हा सुजली तर वाट न पाहता रुग्णालयात न्या.

याच जातीचा आणखी एक विकार आनुवंशिक असतो. सी१ इन्हिबिटर या प्रथिनाच्या उणिवेमुळे लहानपणापासून अधूनमधून हातपाय, चेहरा किंवा आतड्यांना सूज येते, पोटात असह्य कळा येतात, आणि घरात आणखी कोणाला तसेच होत असते. हा विकार सुमारे ५० हजारांत एकाला असतो, पण एखाद्याचे पोट विनाकारण उघडून शस्त्रक्रिया होण्यापर्यंत वेळ येते, म्हणून त्याचे नाव माहीत असावे. रक्तातील सी४ या घटकाची तपासणी तेथे पहिली खूण देते.

सासऱ्यांचे वर्णन उशिरा येणाऱ्या दाबजन्य प्रकाराशी जुळते. पट्टा, जड पिशवीचा बंद, खूप चालणे किंवा कडक बाकावर बसणे यांचा दाब पडल्यानंतर साधारण चार ते सहा तासांनी तेथे खोल, दुखरी सूज येते आणि ती एक-दोन दिवस टिकते. मधल्या तासांमुळे कारण आणि परिणाम यांची सांगड बसत नाही, म्हणून हे रूप पुष्कळदा सांधेदुखी समजून भलतीकडेच नेले जाते. रुंद पट्टा आणि मऊ तळव्यांची पादत्राणे यांनी फरक पडतो. औषधांना हा प्रकार काहीसा चिवट असतो.

स्वतःच्या बाबतीत एक तपासणी घरीच करा. नव्याने उठलेल्या एका गांधीभोवती पेनाने वर्तुळ काढा, वेळ लिहा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहा. तीच गांध २४ तासांनंतरही त्याच जागी असेल, खाजेपेक्षा आग होत असेल, किंवा जाताना जांभळट डाग मागे राहत असेल, तर त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा दाह असण्याची शंका घ्यावी लागते आणि त्वचेचा लहानसा तुकडा काढून बायोप्सी करावी लागते. तुमच्या लिहिण्यावरून तसे वाटत नाही, पण वर्तुळाला काहीच खर्च नाही.

त्याबरोबर रोज रात्री वहीत दोन आकडे लिहीत जा. दिवसभरातल्या गांधींसाठी शून्य ते ३ : मुळीच नसल्या तर शून्य, २० पेक्षा कमी असल्यास १, २० ते ५० असल्यास २, ५० हून अधिक किंवा मोठे एकत्र झालेले चट्टे असल्यास ३. खाजेसाठीही तसेच शून्य ते ३. सात दिवसांची बेरीज जास्तीत जास्त ४२ होते. ६ किंवा कमी असेल तर पित्त आटोक्यात आहे, २८ किंवा अधिक असेल तर तीव्र आहे. ही बेरीज घेऊन गेलात, तर औषधाची मात्रा वाढवायची की नाही याचा निर्णय तुमचे डॉक्टर अंदाजाने नव्हे तर आकड्यांवरून घेतील. हा प्रकार बहुतेकांत एक ते पाच वर्षांत आपोआप शमतो. तोवर ध्येय असते ते शून्याच्या जवळ राहण्याचे, आणि काही महिने तेथे स्थिर राहिल्यावर डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करून पाहतात.

शेवटचे, सर्वांसाठी: अंगभर पित्त उठण्याबरोबर आवाज बसणे, श्वास लागणे, सतत उलट्या, भोवळ किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसले, तर ती अ‍ॅनाफिलॅक्सिसची, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जिक प्रतिक्रियेची, स्थिती समजा. तिच्यावर पहिले औषध अ‍ॅड्रेनॅलिन असून ते मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत देतात. अँटिहिस्टामिन किंवा स्टेरॉइड त्याची जागा घेऊ शकत नाही. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत, श्वासाला त्रास होत असेल तर टेकून बसवावे, एकदम उभे करू नये, आणि महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.